कोंडवाडे भरून गाढवे कमी होत नाहीत

सुट्टीच्या दिवशी ॲरिझोनातल्या ओटमन गावाच्या रस्त्यावर गाढवांना चारा भरवणारी आणि शिंगरांबरोबर फोटो काढणारी ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियातली आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत. ही गाढवे कुणाची, त्यांचे पुढे काय होते आणि त्यासाठी आपल्या करातून काय खर्च होते, हा विचार मात्र फोटोबरोबर घरी येत नाही. एकोणिसाव्या शतकात सोन्या-चांदीच्या खाणींवर ओझी वाहणाऱ्या जनावरांची ही संतती. खाणी बंद पडल्या, रेल्वे आली आणि मालकांनी जनावरे वाळवंटात सोडून दिली. 1971 साली अमेरिकन संसदेने कायदा करून रानघोड्यांबरोबर या गाढवांनाही सरकारी जमिनीवर संरक्षण दिले. न्यू मेक्सिको राज्याच्या पशुधन मंडळाने केंद्राच्या जमिनीवरची 19 गाढवे पकडून लिलावात विकली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1976 मध्ये न्यायालयाने एकमताने हा कायदा वैध ठरवला. सरकारी गायरानावरचे हे गाढव आता सगळ्या जनतेचे आहे, त्यामुळे त्याची जबाबदारीही सगळ्या जनतेची आहे.

या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या भूमी व्यवस्थापन खात्याने (बीएलएम) देशभरातल्या आपल्या क्षेत्रांत मिळून गाढवांची मर्यादा तीन हजारांच्या आत ठरवली आहे. प्रत्यक्ष संख्या तिच्या कित्येक पट आहे. ओटमनच्या भोवतालच्या ब्लॅक माउंटन क्षेत्राची कमाल मर्यादा 478 आहे आणि तिथे दोन हजारांच्या आसपास गाढवे असल्याचा अंदाज खात्याने दिला आहे. ज्या भागात वर्षाला मोजके इंच पाऊस पडतो, तिथे एखाद्या झऱ्यावर एवढे खूर रोज फिरले की काठचे गवत तुडवले जाते आणि पाणी गढूळ होते. वाळवंटी कासव आणि मोठ्या शिंगांची रानमेंढी त्याच तुटपुंज्या हिरवळीवर जगतात. चाऱ्याच्या शोधात गाढवे हमरस्त्यावर येतात, रात्री गाड्यांखाली सापडतात, आणि गाडीतली माणसेही जखमी होतात. निसर्गाचा तोल निसर्गच सांभाळील असे काहीजण म्हणतात. डोंगरी सिंह गाढवांची शिकार करतात हे खरे. जिथे ही शिकार होते तिथल्या पाणथळ जागा कमी तुडवल्या जातात, असे डेथ व्हॅलीतल्या अभ्यासात दिसलेही आहे. पण सिंह सगळीकडे नाहीत आणि माणसांच्या वर्दळीजवळ तर ते फिरकतच नाहीत. सिंह नसेल तिथे तोल सांभाळायला दुष्काळ उरतो, आणि तहानेने झऱ्याकाठी कोसळणाऱ्या जनावराला मोकळे म्हणण्यात दया नाही.

संख्या आटोक्यात आणली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाद पद्धतीचा आहे. आजची पद्धत अशी की हेलिकॉप्टरने हाकून किंवा पाण्याच्या आमिषाने सापळ्यात घेऊन जनावरे पकडायची, काही दत्तक द्यायची आणि उरलेली कोंडवाड्यात आणि भाड्याच्या कुरणांवर पोसायची. घोडे आणि गाढवे मिळून साठ हजारांहून अधिक जनावरे अशी कोंडलेली आहेत. या कार्यक्रमाच्या पैशातले सुमारे दोन-तृतीयांश त्यांच्या दाणा-वैरणीवर जातात आणि जन्म रोखण्यासाठी अगदी नगण्य रक्कम उरते. गाढव सहज पंचवीस-तीस वर्षे जगते, म्हणजे आज पकडलेल्या प्रत्येक जनावराचा खर्च पुढच्या पिढीच्या माथी बसतो. शिवाय रानातली संख्या त्याने कायमची खाली येत नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2013 च्या अहवालात कारण स्पष्ट सांगितले: कळपातली जनावरे काढली की उरलेल्यांना चारा-पाणी भरपूर मिळते आणि जन्माचा वेग चढाच राहतो. वाढ वर्षाला 15 ते 20 टक्के. 15 टक्के धरले तरी पाच वर्षांत दुप्पट होते. भटकी कुत्री उचलून गावाबाहेर सोडण्याचा उद्योग आपल्या नगरपालिकांनी वर्षानुवर्षे केला. रिकाम्या झालेल्या गल्लीत नवी कुत्री आली, आणि शेवटी निर्बीजीकरणाकडेच वळावे लागले. तोच धडा इथे लाखो एकरांवर पुन्हा गिरवला जातो आहे.

उपाय हातात आहे. पीझेडपी ही डुकराच्या अंडाशयापासून बनवलेली लस मादीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करते आणि गर्भधारणा रोखते. ती दुरून बंदुकीच्या डार्टने देता येते. मेरीलँडच्या ॲसाटीग बेटावर राष्ट्रीय उद्यान सेवेने 1994 पासून रानघोड्यांवर ती वापरली, आणि एकेकाळी पावणेदोनशेच्या घरात गेलेला कळप हळूहळू शंभराच्या आत आला. त्यासाठी कोंडवाडे उभारावे लागले नाहीत. यावर जाणकारांचा आक्षेप असा की बेट लहान, वाळवंट अफाट, आणि लस दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. आक्षेप वजनदार आहे. नेवाडातल्या विस्तीर्ण घोड्यांच्या क्षेत्रांत तो खरा ठरूही शकेल. पण गाढव पाण्याला बांधलेले असते. उन्हाळ्यात गाढविणी ठरावीक झऱ्यांवरच येतात, तिथे दबा धरून बसणाऱ्याला त्यांचा माग काढत फिरावे लागत नाही. दरवर्षी टोचण्याचा खर्च नक्कीच आहे, मात्र एका गाढवाला तीस वर्षे पोसण्याच्या खर्चाशेजारी तो मांडून पाहा. लसीने संख्या लगेच उतरत नाही हेही कबूल. म्हणून ब्लॅक माउंटनसारख्या ठिकाणी एकदा काही जनावरे काढावी लागतील, पण त्याच मोसमात उरलेल्या बहुसंख्य गाढविणींना लस मिळालीच पाहिजे. काढायचीही एवढी नकोत की कळप लहान होऊन आनुवंशिक विविधता आटेल. गाढवांच्या बाबतीत हा धोका त्याच समितीने वेगळा नोंदवला आहे.

गोळी घालून किंवा विकून मोकळे व्हा, असेही म्हणणारे आहेत. ग्रँड कॅनियनमध्ये 1924 ते 1969 या काळात अडीच हजारांहून अधिक गाढवे मारली किंवा हलवली गेली, तरी प्रश्न सुटला नाही. 1979 नंतर एका प्राणिप्रेमी संस्थेने 577 गाढवे दरीतून उचलून नेली, तेव्हा कुठे तो निवळला. आणि बाजारात विकलेले गाढव कुठे जाते हे आपल्याला सांगायला नको. चीनमध्ये औषधी जिलेटिनसाठी कातड्याची मागणी इतकी वाढली की आफ्रिकन संघाने 2024 मध्ये या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. भारतातली गाढवे 2012 ते 2019 या सात वर्षांत 61 टक्क्यांनी घटली. पौषात जेजुरीला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या कुटुंबांना ही घट आकडेवारीच्या आधी कळली असेल.

राहिला परकेपणाचा मुद्दा. गाढव इथले नाही, स्पॅनिश लोकांबरोबर आले, हे खरे. पण 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की सोनोरन वाळवंटात गाढवे आणि घोडे कोरड्या ओढ्यात दोन मीटरपर्यंत खोल झरे खणतात, तिथे इतर प्राणी पाणी पितात आणि नदीकाठची झाडे रुजतात. थोडी गाढवे या भूमीला उपकारक ठरू शकतात, फार झाली की तीच झरा तुडवतात. म्हणून संख्येचा हिशेब करायचाच, तर तो पूर्ण करावा. खाते घोड्या-गाढवांसाठी अडीच ते पावणेतीन कोटी एकर सांभाळते, आणि खासगी गुराढोरांच्या चराईला सुमारे साडेपंधरा कोटी एकर खुले ठेवते. एक गाय वासरासह महिनाभर चरवण्याची फी कित्येक वर्षे 1.35 डॉलरच्या तळाला होती. झऱ्यावर गुरांचा भार किती हे न मोजता सगळे खापर गाढवावर फोडणे अन्यायाचे आहे. गाढवांच्या क्षेत्रात चराईचे परवानेही त्याच तराजूत तोलले गेले पाहिजेत.

आपण मतदार आहात, करदाते आहात. आपल्या प्रतिनिधीला एवढे लिहा: कोंडवाड्यांची नवी कंत्राटे थांबवून तो पैसा लस, डार्ट आणि ते चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी द्या, आणि प्रत्येक पकड मोहिमेबरोबर लसीकरण सक्तीचे करा. आणि पुढच्या वेळी ओटमनला जाल, तेव्हा हमरस्त्याच्या कडेला गाडी थांबवून गाढवाला काही खायला देऊ नका. गाडीपाशी खाणे मिळते हे शिंगरू तिथेच शिकते.