मजले वाढतात, छप्पर वाढत नाही

वऱ्हाडातील जुन्या गावांमध्ये गेली काही वर्षे एक मोठे स्थित्यंतर मुकाट्याने घडत आहे. अमरावतीच्या परकोटातील, अचलपूरच्या पेठांतील आणि अकोल्याच्या जुन्या वस्तीतील वाडे एकामागून एक उतरवले जात असून त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. हे वारे घाट चढून चिखलदऱ्यासही पोहोचावे, यात नवल नाही. तेथील जुनी दगडी घरे आणि बंगले पाडावेत, की आहेत त्या भिंती राखून, मागे नवे बांधकाम जोडून त्यांत बिऱ्हाडे करावीत, या प्रश्नाचा विचार आजच होणे इष्ट आहे. एकदा पाडलेले घर पुन्हा विचारात घेता येत नाही.

या विषयावर सामान्यतः दोन मते ऐकू येतात. जुने ते जतन झालेच पाहिजे, असा एक पक्ष म्हणतो; मात्र जतनाचा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. मालमत्ता मालकाची, तेव्हा तिचे काय करावयाचे ते त्याने ठरवावे, असे दुसरा पक्ष सांगतो; पण त्या मालमत्तेला लागणारे पाणी, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था सार्वजनिक पैशातून होते, हे तो विसरतो. वस्तुतः विचारावयास हवेत ते दोन साधे प्रश्न : त्या घरात राहणार कोण, आणि ते प्यायचे पाणी आणणार कोठून?

प्रथम वाडे का पडतात ते पाहू. मालकाचा लोभ हे त्याचे एकमेव कारण नव्हे. विदर्भात सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश, १९४९ दीर्घकाळ लागू होता. भाडेकरूस काढण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची परवानगी लागे आणि भाडे महागाईच्या मानाने फारच मागे राहिले. ज्या घराचे भाडे कौले शाकारण्यासही पुरत नाही, त्या घराची डागडुजी कोणी करीत नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीस वाव मिळाला. परंतु तोवर अनेक तुळया कुजून गेल्या होत्या. दुसरे कारण वारसांचे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला. हा न्याय फार उशिरा झाला, पण न्यायच झाला. तथापि सात वारसांत एका चौकाचे सात भाग होत नाहीत. सदनिकांचे मात्र होतात. अविभाज्य वस्तूचे विभाज्य वस्तूत रूपांतर करणे, हे सदनिकेचे खरे आर्थिक कार्य आहे. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९७० ने त्यास कायद्याची चौकटही दिली. सदनिका म्हणजे शत्रू, अशी भूमिका घेऊन म्हणूनच काही साधणार नाही.

चिखलदऱ्याची गोष्ट मात्र खालच्या गावांहून वेगळी आहे. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या हाती पडला आणि १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या येण्यापासून हे पठार इंग्रजांच्या नजरेत भरले. गवळी आणि कोरकू तेथे अर्थातच आधीपासून होते. पुढे उन्हाळ्यात मैदानातील तलखी टाळण्यासाठी अधिकाऱ्यांनी तेथे बंगले बांधले. म्हणजे चिखलदऱ्यातील बंगला हा मुळातच हंगामी घर होता : काही आठवडे उघडा, बाकी वर्ष कुलपात. आज त्याच्या जागी बारा किंवा सोळा गाळ्यांची इमारत उभी राहिली आणि ते गाळे शहरातील लोकांनी सुटीसाठी घेतले, तर एका कुलपाची सोळा कुलपे झाली, एवढेच. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी नांदू शकतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्या आकड्याने पुरेसे शिकविले आहे.

दुसरीकडे, चिखलदऱ्यास बारमाही राहू इच्छिणाऱ्यांची गरज कोणती? शिक्षक, परिचारिका, तलाठी, वनखात्याचे कर्मचारी, टपाल व बँकेतील कारकून यांना तेथे माफक भाड्याचे, पक्के, संडास-न्हाणी असलेले दोन खोल्यांचे घर हवे असते. ते न मिळाल्यास माणूस परतवाड्यास बिऱ्हाड करतो आणि तीसएक किलोमीटरचा घाट रोज चढतो-उतरतो. मेळघाटातील बालमृत्यू आणि कुपोषण यांची चर्चा १९९० च्या दशकापासून चालू आहे; कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. मुख्यालयी राहा, असे फर्मान काढणे सोपे असते. राहण्याजोगे घर मात्र फर्मानाने उभे राहत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याचे दार उघडावयाचे असेल, तर ते उघडणारा माणूस गावात झोपलेला असला पाहिजे.

आता पाण्याचा हिशेब. वऱ्हाडातील सर्वांत पावसाळी जागांपैकी एक असलेल्या या पठारावर उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, कारण काळ्या कातळाचा उतार पाणी धरून ठेवीत नाही. सरासरी दीड मीटर पाऊस आणि १०० चौरस मीटरचे छप्पर धरू. त्यावर दीड लाख लिटर पाणी पडते; पाचवा हिस्सा वाया गेला तरी १,२०,००० लिटर उरते. माणशी रोज १३५ लिटर या नागरी प्रमाणाने चौघांच्या कुटुंबास फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ६४,८०० लिटर लागतात. म्हणजे एक छप्पर जवळजवळ दोन कुटुंबांची तहान भागवू शकते. त्याच छपराखाली चार मजले चढवून आठ कुटुंबे ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्यास १५,००० लिटर येतात. ते महिनाभरही पुरणार नाहीत. मजले वाढतात, छप्पर वाढत नाही. उलट जुने घर राखून मागच्या बाजूस ६० चौरस मीटरचा नवा भाग जोडला, तर ७२,००० लिटर पाण्याची भर पडते आणि तिसऱ्या कुटुंबाची सोय होते. गिरिस्थानावर उंच वाढण्यापेक्षा आडवे आणि थोडे वाढणे का शहाणपणाचे, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

अशा रूपांतरात काही पथ्ये पाळावी लागतात. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर सिमेंट-काँक्रीटचा नवा मजला लादू नये. नव्या भागाने स्वतःच्या खांबांवर उभे राहावे आणि जुन्या-नव्यात मोकळा सांधा ठेवावा, म्हणजे दोन्ही बांधकामे आपापल्या गतीने बसतात. जुन्या भिंतींस सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. तेथे चुनाच योग्य. संडास, न्हाणी आणि मोरी नव्या भागात घ्यावी, म्हणजे जुन्या भिंती कोरड्या राहतात. पाण्याची टाकीही नव्या भागाच्या जोत्याखाली बसू शकते. तीन कुटुंबांची निम्मी गरज नगरपरिषदेच्या नळाने भागेल असे धरले, तर सुमारे ९६ घनमीटरची, म्हणजे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर खोल टाकी पुरते.

ही टाकी स्वस्त नाही, हे मान्य केले पाहिजे. तीन बिऱ्हाडांच्या भाड्यातून तिचा खर्च निघण्यास वर्षे लागतील, आणि विकसकाच्या सोळा गाळ्यांपुढे मालकास हा व्यवहार तोट्याचा वाटेल. परंतु विकसकाचा व्यवहार फायद्याचा दिसतो, तो त्याच्या पाण्याचा खर्च दुसरे भरतात म्हणून. टँकर, नवी नळयोजना, सांडपाण्याची गटारे यांचा बोजा गावावर पडतो, आणि नळावर रांगेत उभी राहणारी कोरकू स्त्री त्यातील आपला वाटा वेळेच्या रूपाने चुकविते. खासगी नफा आणि सामाजिक खर्च यांत असे अंतर पडते, तेव्हा ते नियमाने आणि कराने भरून काढावयाचे असते.

यासाठी तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. जुनी वास्तू राखणाऱ्यास मागे वाढीव बांधकामाची परवानगी सुलभपणे मिळावी. पाडणाऱ्यास ती सवलत नसावी. प्रत्येक परवानगीपूर्वी छप्पर, टाकी आणि बिऱ्हाडे यांचा हिशेब मागावा. आणि बारमाही भाड्याने दिलेल्या घरास मालमत्ता करात सूट देऊन तिची भरपाई वर्षभर कुलपात राहणाऱ्या गाळ्यांकडून करावी. चिखलदरा आणि शेजारची आलाडोह, शहापूर, मोथा, लवादा ही गावे यांच्या नियोजनासाठी २००८ मध्ये सिडकोची नेमणूक झाली. अशा नियोजनात प्रेक्षणीय स्थळांबरोबर राहत्या घरांचाही विचार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गाळा विकत घेऊ पाहणाऱ्या पगारदार वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. जुन्या घरांची रूपांतरे बहुधा याच मर्यादेत मोडतात. तेव्हा जमिनीचा हक्क, सर्व वारसांची संमती आणि पाण्याची सोय यांची कागदोपत्री खात्री स्वतःच करून घेणे प्राप्त आहे.

साहेबांच्या हंगामासाठी बांधलेल्या भिंतींत गावच्या मास्तराचे आणि परिचारिकेचे बिऱ्हाड नांदू लागले, तर त्या वास्तूचे जतन वेगळे करावे लागणार नाही. ज्या घरात रोज चूल पेटते, त्या घराच्या छपराची काळजी घरातलेच घेतात.