ताण द्यायला आधी पाणी हवं

संत्र्याचा भाव पडला की वाईनच्या द्राक्षांचा विषय आपल्याकडे कोणी ना कोणी काढतोच. म्हणून या आठवड्यात माल्बेकबद्दल लिहितो.

काळ्या द्राक्षाचं हे वाण फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडल्या काओर भागात शतकानुशतकं पिकतंय, पण तिकडे ते नाजूकच. फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस आला की फुलं झडतात, घड विरळ राहतो. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीत बोर्दोमधल्या या वेली एवढ्या मेल्या की बहुतेकांनी तिथे पुन्हा दुसरीच वाणं लावली. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८५३ च्या सुमारास, मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं फ्रान्समधली द्राक्षवाणं अर्जेंटिनात नेली होती. त्यांतलं माल्बेक तिथल्या मेंडोझा भागात असं रुजलं की आज दोन्ही नावं एकत्रच घेतली जातात.

मेंडोझात पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. बागा आठशे ते पंधराशे मीटर उंचीवर. दिवसा कडक ऊन, त्यामुळे मण्यात साखर भरते. रात्री थंड, म्हणून आंबटपणा टिकतो. उंचावरच्या तीव्र उन्हानं साल जाड होते, रंग गडद जांभळा उतरतो. हवा कोरडी, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी. अशा माल्बेकची वाईन रंगानं काळपट, वासाला पिकल्या आलुबुखाऱ्यासारखी आणि जिभेला मऊ लागते. गारपीट मात्र तिथेही सोडत नाही, म्हणून बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात.

पण खरी गोम पाण्यात आहे. आभाळातून पडत नाही, ते अँडीज पर्वताचं बर्फ वितळून कालव्यांनी येतं. किती द्यायचं, कधी तोडायचं, हे बागायतदार ठरवतो. फळ धरल्यावर पाणी आखडलं की मणी लहान राहतो, रस कमी पण दाट निघतो.

आपल्या मोर्शीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी आपण हेच करतो. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या रानात दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडून थोडी गळतात. मग जानेवारीत खत घालून आंबवणीचं हलकं पाणी, नंतर चिंबवणी, आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. द्राक्षात ताण चवीसाठी, संत्र्यात फुलासाठी, पण हात तोच लागतो.

तरीही मोर्शीत माल्बेक लावा, असं मी म्हणणार नाही. आपला पावसाळा आणि मे महिन्यातली होरपळ त्याला मानवणार नाही. नाशिककडे ते थोडंफार होतं; सुलाची मर्लो-माल्बेक वाईन बाजारात आलेली आहे. पण तिकडची उंची वेगळी, आणि वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करून पीक हिवाळ्यात आणायचं तंत्र त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आपल्या रानाला संत्रा ओळखतो.

मेंडोझाकडून घ्यायचं ते वेगळंच. १८८४ पासून तिथे पाण्याचा कायदा आहे. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला, कालव्यावर पाळी ठरलेली, आणि कालव्याचा कारभारी पाणी घेणारे शेतकरीच निवडतात. आपल्याकडे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण उभं आहे, तरी वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा बोअरवर जगतो आणि भूजलाच्या डार्क झोनमध्ये मोडतो. शेजाऱ्यानं पाचशे फूट नेलं की आपण सातशे नेतो. एप्रिलमध्ये बोअर आटला तर झाडाला बसतो तो ताण आपण दिलेला नसतो; फळगळ होते, मग झाडच वाळतं आणि कुऱ्हाड लागते.

दिंडोरीच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी वाटप स्वतःच्या हाती घेतलं, त्याच पाण्यावर द्राक्षं उभी राहिली. कालव्याचं पाणी असं शेतकऱ्यांच्या हाती देण्यासाठी २००५ चा कायदाही आहे. बोअरला मात्र पाळी कोणीच लावत नाही. यंदाच्या आंबियाचं पाणी तोडण्याआधी मोर्शी तालुक्यातल्या एका तरी गावानं शिवारातल्या सगळ्या बोअरची खोली आणि रोजचे तास ग्रामसभेत मांडून लिहून काढावेत, आणि नवा बोअर कुठे नको हे तिथेच ठरवावं.