तीन मते

चकली बिघडली तरी दिवाळी निभावते. पण कॉलनीतल्या रांगोळी-स्पर्धेचा निकाल बिघडला की आठ दिवस जिन्यातले बोलणे बंद! गेल्या वर्षी आमच्या जळगावच्या कॉलनीत ठरले की परीक्षक नकोत, मतदान घ्यावे. परीक्षक आला म्हणजे वशिला आला, मतदान म्हणजे शुद्ध न्याय. चिठ्ठ्या मोजण्याचे काम माझ्याकडे आले, कारण बिस्किटांचा रिकामा डबा माझ्याकडे होता.

उत्तम रांगोळी कोणाची, याबद्दल शंकाच नव्हती. तळमजल्यावर धुळ्याहून आलेल्या नव्या सुनेने केळीचा घड असा काढला होता की त्यावर माशी बसावी. तिला मते पडली तीन. पहिल्या आलेल्या बाईंना सत्तावीस. त्यांचे दीर, जावा आणि भिशीमंडळ सारे याच कॉलनीत. लबाडी कोणीच केली नाही. ज्याने त्याने आपल्या माणसाला मत दिले. मीही दिले, सौ.ला.

निकालाचा कागद लावला तेव्हा ती सून दोनदा येऊन आकडा वाचून गेली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मोजताना चूक तर नाही ना झाली?" झाली असती तर फार बरे झाले असते.

साहित्यातल्या थोरांचे तरी काय निराळे? १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या अध्यक्षपदाला इंदिरा संत उभ्या होत्या. निवडून आले रमेश मंत्री. ते रीतसर निवडून आले, त्यांचा दोष काय? पण ती हळहळ अजून सरलेली नाही. मतदार म्हणजे साहित्यसंस्थांनी ठरवलेली मोजकी मंडळी. त्यांच्याकडे मते मागत हिंडायचे नाही म्हणून कितीतरी मानी लेखक उभेच राहिले नाहीत. अखेर महामंडळाने घटना बदलली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे मतदानावाचून अध्यक्ष झाल्या. २०२४ साली आमच्या अमळनेरला रवींद्र शोभणे आले, तेही तसेच. यात पराभवाची शोभा होत नाही हे खरे. पण बंद खोलीत आपले नाव निघाले तरी होते की नाही, हे कोणाला विचारायचे? तीनचा आकडा निदान भिंतीवर असतो.

याच अमळनेरच्या १९५२ च्या संमेलनाचे अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी. त्याच वर्षी आमच्या जळगावच्या बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने निघाली. बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्यांना हयातीत ना कोणी मत दिले, ना नाकारले. हे बरे की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

यंदा फराळाचे पहिले ताट सौ.ने तळमजल्यावर नेले. परत आल्यावर मी विचारले, "त्यांच्याकडेच आधी का?"

"तीनातले एक मत माझे होते," ती म्हणाली.

मी गप्प.

"आणि अहो, माझ्या नावापुढे एक मत होते. ते कोणाचे, हे मला कोणी सांगायला नको. यंदा देऊ नका."