‘लेक व्ह्यू’ म्हणजे कुणाचं पाणी?

मंडळी, आपल्या कार्यक्रमांना हॉलबाहेर हल्ली एक टेबल असतंच. गुळगुळीत कागदावर सह्याद्रीचे डोंगर, पुढे निळंशार पाणी आणि खाली ओळ: ‘पुण्यापासून दीड तासावर, लेक व्ह्यू फार्महाऊस!’ भेळ खाता खाता आपण ते चाळतो आणि निवृत्तीची स्वप्नं रंगवतो. मला मात्र त्या चित्राचा राग येतो.

एक तर ते ‘लेक’ नव्हे, धरण आहे. मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव ही सगळी पाणी माणसानं अडवलेली, आणि त्यांच्या पोटात गावं आहेत. मुळशीला टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी गेल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला. धरण झालंच. त्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार झाली आणि मुंबई उजळली. माझ्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली गेलं. पवनेचं पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. हेच पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ब्रोशरमध्ये यातलं काही नसतं.

कुणी म्हणेल, “अहो, आपल्या पैशानं तिथल्या लोकांना रोजगार मिळतो.” मिळतो ना! ज्याच्या आज्यानं ती जमीन नांगरली, तो आता तिथं गेटवर वॉचमन असतो. घर वर्षाचे पन्नास आठवडे कुलपात, आणि काठाकडे जाणाऱ्या गुरांच्या वाटेवर तारेचं कुंपण! याला मी रोजगार म्हणत नाही.

आता व्यवहाराचं. फेमा कायद्याखाली अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना घर किंवा दुकान विकत घेता येतं. पण शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस सर्वसाधारणपणे घेता येत नाही. वारसानं आलं तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात तर १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. ‘एनए नंतर होईल’, ‘भाच्याच्या नावावर करू’ असं कुणी म्हणालं, की तिथूनच मागे फिरा.

म्हणजे गावाकडे घर करूच नये का? जरूर करा. पण आधी सातबारा आणि जुने फेरफार स्वतः वाचा. बिनशेतीचा आदेश कागदावर बघा. प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का तपासा. ही जमीन आधी कुणाची होती आणि त्याला काय मिळालं, हे गावात जाऊन विचारा. आणि मे महिन्यात जा! वरच्या वाडीतल्या बायका पिण्याचं पाणी कुठून आणतात ते बघा. समोर एवढं पाणी असून त्यांच्या डोक्यावर हंडा असेल, तर तुमच्या गच्चीतला नजारा कुणाच्या जिवावर आहे ते कळेल.

आपण इथे मुलांना शिवरायांच्या मावळ्यांच्या गोष्टी सांगतो. त्याच मावळ्यांचे वंशज त्या काठावर राहतात. त्यांची उरलीसुरली जमीन ‘व्ह्यू’ म्हणून विकत घ्यायची आणि इथे पोवाडे ऐकायचे, हे मला तरी पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी माझ्याशी जरूर भांडावं. पण मुळशीचा सत्याग्रह वाचून यावं.