कोर्सिकेची वाट आणि एक रिकामा दिवस

गेल्या महिन्यांत एका रविवारीं आमचे थोरले बंधु हातांत एक छापील कागद घेऊन आमच्या खोलींत आले व "हें जरा वाचून पाहा. मला यांतलें कांहीं कळत नाहीं, पण धास्ती मात्र वाटते," असें म्हणून तो आमच्यापुढें ठेवून निघून गेले. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें ल्यों शहरीं सपत्नीक राहतात. येत्या जुलैंत त्या दोघांनीं आणि येथून जाणाऱ्या धाकट्या बहिणीनें मिळून कोर्सिका बेटांतील डोंगर पायीं ओलांडावयाचा बेत केला आहे, आणि तो कागद म्हणजे त्या बेताचें दिवसवार टिपण होतें. डोंगर हिंडल्याची थोडीबहुत ख्याति घरांत आमच्या वांट्याला असल्यामुळें, परीक्षेचा पेपर तपासावयास यावा तसा तो आमच्याकडे आला.

कोर्सिका म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षितांस १७६९ सालीं तेथें जन्मलेला नेपोलियन आठवतो, आणि बहुधा तेवढाच आठवतो. वस्तुतः भूमध्यसमुद्रांतील हें फ्रेंच बेट म्हणजे पाण्यांतून वर आलेली एक पर्वतांची रांगच आहे. तिचें सर्वोच्च शिखर मोंते चिंतो हें २७०६ मीटर उंच आहे. वायव्येकडील कालेंझाना गांवापासून आग्नेयेकडील कोंका गांवापर्यंत या रांगेवरून सुमारे १८० किलोमीटर लांबीची एक पाऊलवाट गेली आहे. तिचें नांव जी. आर. २०. खडकांवर रंगविलेले पांढरे व तांबडे पट्टे पाहत चालावयाचें. मध्यें गांव जवळजवळ नाहींच. वाटेचे सोळा टप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटीं मुक्कामाची एक जागा आहे. बहुतेक ठिकाणीं ती म्हणजे डोंगरी धर्मशाळाच: लांकडी फळ्यांवरच्या गाद्या, रांधण्यास गॅसची शेगडी, झऱ्याचें पाणी, बहुधा थंडच स्नान, आणि बाहेर तंबूपुरती जागा. यांपैकीं बहुतेक धर्मशाळा तेथील निसर्ग-उद्यानाच्या ताब्यांत आहेत. अन्यत्र तंबू ठोकण्यास आणि विस्तव पेटविण्यास मनाई असल्यामुळें प्रत्येक रात्रीची जागा तारीखवार आधीं राखून ठेवावी लागते.

चिरंजीवांनीं तें सर्व चोख केलें होतें. धर्मशाळांतील ढेकणांचा लौकिक ऐकून गाद्यांऐवजीं तेथेंच भाड्यानें मिळणारे तंबू ठरविले होते. तेथें डुकराच्या मांसाचे पदार्थ फार, म्हणून आपल्यासारख्यांनीं पाव, पास्ता आणि मेंढीच्या वा बकरीच्या दुधाचें चीज यांवर भागवावें, अशी टीपहि होती. पहिल्या दिवशीं बाराशें मीटरांहून अधिक चढ, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड लागोपाठ दोनदां चढण्यासारखा. शिवाय त्या टप्प्यांत पाणी दुर्मिळ, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी. उन्हाळ्यांत तेथें दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून रोज पहांटे प्रयाण. एवढें वाचून आम्हांस कौतुकच वाटलें.

परंतु शेवटपर्यंत वाचल्यावर आम्हीं दिवस मोजले. सोळा टप्पे अकरा दिवसांत बसविले होते आणि बाराव्या दिवशीं सकाळीं फिगारीहून परतीचें विमान होतें. चौथा व पांचवा हे टप्पे एकाच दिवशीं उरकावयाचे, म्हणजे वरच्या आस्कोहून निघून २६०७ मीटरांची सोंड ओलांडावयाची, (ती आपल्या कळसूबाईहून साडेनऊशें मीटरांहून अधिक उंच), पलीकडे उतरावयाचें आणि पुन्हां चढावयाचें. दहा-बारा तासांची चाल! सबंध टिपणांत रिकामा असा एकहि दिवस नव्हता.

आम्हीं त्याच रात्रीं फोन केला. "काका, २०२१ सालीं लांबेर सांतेली नांवाच्या धावपटूनें ही सारी वाट ३१ तासांच्या आंत पुरी केली. आम्ही तर अकरा दिवस घेतों आहों," असें उत्तर आलें. जो गडी त्याच डोंगरांत वाढला त्याच्या पायांशीं आपल्या पायांची तुलना कशाला, असें आम्ही म्हणालों. तेव्हां तो थोडा चिडून म्हणाला, "एक दिवस मोकळा ठेवला तर पुढचं सगळं बुकिंग एकेक दिवस सरकतं. पैसे भरून झाले आहेत."

आमच्या भीतीचें मूळ या शेवटच्या वाक्यांत होतें. जेथें वाटेल तेथें पाठ टेकतां येते अशा डोंगरांत, आभाळ भरून आलें तर माणूस थांबतो. येथें मात्र आज रात्रीची तुमची जागा पुढच्या धर्मशाळेंत आहे आणि या धर्मशाळेंतील तुमची कालची जागा आज दुसऱ्या कोणाची आहे. पुढें जाऊं नये असें डोळ्यांना दिसत असतां पावती पुढें ओढते. अशी ओढ काय करते हें आम्ही हरिश्चंद्रगडावर भोगलें आहे. तारुण्यांत खिरेश्वराला रात्रीचें जेवण सांगून ठेवलें होतें आणि सकाळची एस. टी. गांठावयाची होती, एवढ्याच कारणास्तव आम्हीं भर पावसांत, अंधार पडत असतांना, तोलार खिंडीच्या वरचा ओला कातळ उतरावयास घेतला. घाई आमचीच होती. सोबतचा स्नेही घसरला, त्याचा पाय मोडला आणि सबंध रात्र त्याचें कण्हणें ऐकत आम्हांस त्या कातळाशीं बसावें लागलें. तो आजहि किंचित् लंगडतो. त्यानें आम्हांला कधीं दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

कोर्सिकेचें आभाळ आपल्या आभाळाहून सौम्य नाहीं. १० जून २०१५ रोजीं या वाटेवरील 'सोलित्यूद' नामक कड्यांच्या घळींत वादळी पावसानें दरड कोसळून सात जण मृत्युमुखीं पडले. ती घळ तेव्हांपासून सोडून दिली आहे, आणि २६०७ मीटरांची सोंड वाटेंत आली ती त्यामुळेंच. पुढें १८ ऑगस्ट २०२२ रोजीं सकाळीं त्या बेटावर ताशीं २२० किलोमीटरांहून अधिक वेगाचे झंझावात आले आणि पांच माणसें दगावलीं.

या गोष्टी आम्हीं फोनवर सांगितल्या नाहींत, पत्रांत लिहिल्या. भीति घालून जिंकलेला वाद फार दिवस टिकत नसतो. उत्तर यावयास आठ दिवस लागले.

दरम्यान एके सायंकाळीं धाकटी पुतणी येऊन बसली. ती सध्यां दर शनिवारीं आठ किलोंचें ओझें घेऊन सिंहगड चढते, आणि आमच्या सांगण्यावरून ओझ्यासह उतरतेहि. कारण गुडघे चढतांना नव्हे, उतरतांना जातात. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काका, खरं सांगूं? दादानं आणि वहिनीनं एवढे पैसे भरलेत. तिथं मी दमलें असं म्हणायची मला लाज वाटेल." तिघांत वयानें लहान, शक्तीनें कमी आणि खर्चानें मिंधी अशी तीच होती, आणि तिच्या 'नको'ला जागा ठेवण्याचें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें. आमच्याहि आलें नव्हतें. आम्हीं तिच्या समोरच तिच्या भावाला फोन लावला आणि यंत्र तिच्या हातीं देऊन बाहेर व्हरांड्यांत गेलों.

नवा कागद आला तो असा: कोंकाचें नांव खोडलेलें. कालेंझानाहून मध्यावरच्या विझावोनापर्यंत नऊच टप्पे; तेथें बास्तिया-आजाक्सियो लोहमार्गाचें स्टेशन आहे. दिवस अकराच. वरच्या आस्कोला दोन रात्री, म्हणजे सोंड ओलांडण्यास आभाळ निवडतां येईल. दुसरा रिकामा दिवस शेवटीं. मोटाररस्ता गांठून वाट सोडतां येईल अशीं आस्को व व्हेर्जियो हीं दोन ठिकाणें तांबड्या शाईनें अधोरेखित केलेलीं. मांगानू ते पेत्रा पियाना या टप्प्यांत सव्वीदोन हजार मीटरांच्या आसपास खडकाळ धार आहे. तेथें धर्मशाळेंतील हवामानाचा फलक वाचल्याविना निघावयाचें नाहीं. विम्यांत डोंगरावरून उचलून आणण्याचा खर्च धरला आहे कीं नाहीं तें शब्दशः पाहून घेतलेलें. आणि तळाशीं एक ओळ: तिघांपैकीं कोणीहि एकानें 'नको' म्हटलें तर नको, कारण विचारावयाचें नाहीं. हस्ताक्षर पुतणीचें होतें.

दक्षिणेचे सात टप्पे सुटले याची चिरंजीवांना हळहळ आहे, व ती रास्तच आहे.

वहिनींचा प्रश्न मात्र निराळाच. "भाऊजी, त्या रिकाम्या दिवशीं पोरं करणार काय?" झोपतील आणि मोजे धुतील, असें आम्हीं सांगितल्यावर त्यांचें समाधान झालें. तुपाची बरणी द्यावयाचा त्यांचा विचार होता. परंतु युरोपांत बाहेरून दूधतूप नेऊं देत नाहींत, म्हणून आतां मेतकूट जाणार आहे. पुतणीनें काटा आणून आईपुढें ठेवला आहे. माणशीं दीडशें ग्रॅम मंजूर झालें असून दोनशेंसाठीं बोलणीं चालू आहेत.