म्हातारचळ म्हणण्याआधी

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडले, की "तू कॉलेजात जातेस ना, मग सांग" असे मला ऐकावे लागते. रेशनकार्डाचा अर्ज असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, ती माझ्याकडेच येते. पण एका प्रश्नाचे उत्तर मला वेळेवर देता आले नाही. आजीला काय झाले आहे, हा तो प्रश्न.

आजी दुधात मीठ घालू लागली. दिवेलागणीला "सकाळ झाली का गं?" म्हणून विचारू लागली. मला आत्याच्या नावाने हाक मारू लागली. गल्लीने निदान करून टाकले, "म्हातारचळ लागला!" कुणी म्हणाले, मागचे काहीतरी भोगते आहे, कुणी म्हणाले, सुनेने नीट पाहिले नाही. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तिने मला सातव्यांदा "जेवलीस का?" असे विचारले, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. ती गप्प झाली. मी प्रथम वर्षाला असताना ती गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी 'अल्झायमर' हा शब्द उच्चारला होता. पण त्याचा अर्थ घरी समजावून सांगणारे कोणी नव्हते. कॉलेजात जाणारी मीही नाही.

गेल्या विज्ञान दिनी आपल्या विज्ञान शाखेत एक व्याख्यान झाले. "आर्ट्सवालीला तिथे काय काम?" असे मैत्रिणीने विचारले, तरी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे ऐकलेले आणि नंतर सरांना विचारून समजून घेतलेले येथे मांडते आहे.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका स्मृती हरवलेल्या रुग्ण स्त्रीचा मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना त्यात चिकट साके आणि गुंतलेले धागे दिसले. पुढे कळले, की हे साके आणि धागे प्रथिनांचेच आहेत. प्रथिन ही मण्यांची माळ. ती ठरावीक घडी घालते तेव्हाच नीट काम करते. घडी बिघडलेल्या माळा एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे लांब तंतू होतात. गेल्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तोफर डॉब्सन या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ज्यांचा कोणत्याही आजाराशी संबंध नाही अशी साधी प्रथिनेही योग्य परिस्थितीत असे तंतू बनवतात. म्हणजे हा प्रथिनांच्या स्वभावाचाच एक भाग आहे.

पण हे सुरू कसे होते? मोठ्या भांड्यात पाहिले तर कळत नाही. तिथे एकाच वेळी अनेक ठिकाणी आरंभ होतो आणि आपल्याला दिसते ती केवळ सरासरी. म्हणून सूक्ष्मप्रवाही उपकरण वापरतात. नाव मोठे असले तरी वस्तू हातात मावणारी आहे. साच्यात सिलिकोन रबराचा रस ओतायचा, तो तापवून घट्ट करायचा आणि वडी सोडवावी तसा सोडवून काचेच्या पट्टीवर चिकटवायचा. आत केसाएवढ्या रुंदीचे पाट तयार होतात, अगदी शेतातल्या पाटांसारखे. एका पाटातून प्रथिनाचे पाणी येते, दोन्ही बाजूंनी तेल येते. तेल पाण्याची धार कापते आणि एकसारखे थेंब पडू लागतात. एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा एक थेंब धरला, तर एका मिलिलिटर पाण्याचे असे सुमारे दीड कोटी थेंब होतील! प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र भांडे.

२०११ साली केंब्रिजच्या तुओमास नोल्स यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थेंबांत इन्सुलिन ठेवून पाहिले. थेंबात कुठेतरी एका ठिकाणी पहिला तंतू जन्मतो आणि तिथून लाट पसरावी तशी गुठळी सगळ्या थेंबभर पसरते. विरजणाचा एक थेंब सारे दूध लावतो, तसे. (विरजणात जंतू असतात, येथे नसतात, साम्य फक्त थोड्याने सारे बदलण्यापुरते.) आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की प्रथिन तेच, पाणी तेच, उष्णता तीच, तरी एका थेंबात आरंभ लवकर होतो, दुसऱ्यात उशिरा. हा पहिला क्षण यदृच्छेचा असतो.

मेंदू म्हणजे थेंब नव्हे, हे मला कळते. वय, आनुवंशिकता यांचाही तिथे वाटा आहे. तरीही हे ऐकताना माझ्या मनावरचे ओझे हलले. कुणाचे पाप नाही, सुनेचा दोष नाही, चळ तर नाहीच.

कोणी म्हणेल, गावात साध्या तापाला औषध मिळत नाही, तिथे थेंब मोजण्याचे कौतुक कशाला? प्रश्न खोटा नाही. पण २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमाब हे औषधसुद्धा आजार बरा करत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा वेग थोडा कमी करते, एवढेच. उशीर झाल्यावर हाती फार काही उरत नाही. म्हणून आरंभ पाहणारी ही चिकाटी मला चैन वाटत नाही. आणि औषध येईल तेव्हा येईल, समज तर आजच देता येते.

ती देण्याचे काम एकट्या विज्ञान शाखेचे नाही. शोध प्रयोगशाळेत लागतो, पण 'म्हातारचळ' हा शब्द भाषेत राहतो आणि भाषा हे आपले, कला शाखेचे शेत आहे. त्यात तण माजले तर ते काढायचे कुणी? माझी सूचना साधी आहे. भित्तिपत्रकावर दर महिन्याला विज्ञानाचा एक विषय दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून घरी वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक संध्याकाळ म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर बोलण्यासाठी ठेवावी. प्राध्यापकांनी आमच्या चुका दुरुस्त कराव्यात. आम्हाला वगळू मात्र नये.

माझ्या आजीला याचा उपयोग होणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी आज एक आजी पुन्हा पुन्हा तेच विचारत असेल. तिला सातव्यांदाही "हो आजी, जेवले" एवढेच उत्तर पुरते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला