जहाजे हवीत, तर पाइप फिटर टिकवा

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. चर्चा मात्र गोदी, क्रेन आणि कर्जपुरवठा यांभोवतीच फिरते. जहाजाच्या पोटात नळ्या बसवणारा पाइप फिटर तीत क्वचितच दिसतो. वास्तविक २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’मध्ये सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या नळ्या आहेत.

हे काम केवळ आराखडा वाचून होत नाही. नळीचे बहुतेक तुकडे कार्यशाळेत वाकवून, फ्लँज जोडून तयार होतात. परंतु प्रत्यक्ष सांगाडा आराखड्याशी तंतोतंत जुळतोच असे नाही. म्हणून अखेरचा तुकडा फिटरला अडचणीच्या जागेत शिरून, तेथेच माप घेऊन बेतावा लागतो. पाणबुडीत तर चुकीला वावच नसतो. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि समुद्राचे पाणी आत आणणारी नळी तो सारा सोसते. असा हात घडायला आयटीआयचे प्रमाणपत्र पुरत नाही. उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात.

हे कसब कसे विरते, याचा दाखला मुंबईतच आहे. माझगाव डॉकने जर्मन आराखड्याच्या दोन पाणबुड्या बांधल्या. ‘शाल्की’ १९९२ मध्ये व ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. त्यानंतरचा, फ्रेंच स्कॉर्पिनचा, करार झाला २००५ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत यंत्रांना तेलपाणी करता आले असेल. माणसे कशी जपणार? जाणते कारागीर पांगले आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. सहावी स्कॉर्पिन ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा २०२१ मध्येच निघूनही तोवर करार झाला नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पुनरावृत्ती अस्वस्थ करणारी आहे.

त्यात कुशल कामगारांची भरतीही अलीकडे ठरावीक मुदतीच्या कराराने होते. गोदीला सर्वस्वी दोष देता येत नाही. हाती जहाज नसताना वेतनाचा भार तिने किती काळ वाहावा?

रायपूरच्या चौबे कॉलनीत बसून जहाजांची चिंता कशाला, असे कोणी विचारेल. पण ‘विक्रांत’चे पोलाद ज्या तीन कारखान्यांतून गेले, त्यांत आमच्या शेजारचे भिलाई आहे. येथून पोलाद जाते, तसे फिटरही जाऊ शकतील. परंतु दोन-तीन वर्षांच्या भरवशावर मुंबईत बिऱ्हाड कोण थाटणार?

पॅकेजमधील काही रक्कम दोन जहाजांमधल्या रिकाम्या काळात अनुभवी टोळ्यांच्या वेतनासाठी राखून ठेवावी. ‘शंकुश’च्या दुरुस्तीचा २,७२५ कोटींचा करार २०२३ मध्ये माझगाव डॉकशी झाला, अशी कामे नव्या बांधणीच्या खंडकाळात येतील असे वेळापत्रक संरक्षण मंत्रालयाने आखावे, आणि प्रत्येक टोळीत निवृत्तीला आलेल्या फिटरसोबत दोन शिकाऊ उमेदवार असावेत, ही अट करारातच घालावी.